अडीच ते साडेतीन

दांडिया बाजारातल्या लॅबमध्ये फोरम नावाची मुलगी
दर महिन्याला माझी नस शोधते.
"मंदाकाकी, मुठ्ठी वाळो."
मी मूठ आवळते. संध्याकाळी फोनवर आकडा येतो.

अडीच ते साडेतीन.
एवढ्याच गल्लीत माझ्या रक्ताला फिरायची मुभा आहे.
खाली घसरलं तर झडपेवर गाठ धरेल
आणि ती गाठ निघेल थेट मेंदूच्या गावाला.
वर चढलं तर दात घासताना बेसिन लाल.

झडप कार्बनची आहे. रात्री रावपुऱ्याची वर्दळ निजली
की छातीतून ऐकू येते, टिक्, टिक्.
नातू म्हणतो, आजीने घड्याळ गिळलंय.

पूर्वी भांडणात मी म्हणायचे,
"या घरासाठी रक्ताचं पाणी केलंय मी."
आता डॉक्टर महिन्याच्या महिन्याला
मोजून सांगतात, नेमकं किती झालं ते.

गोळी साडेसहाला, दिवा लावला की लगेच.
सोमवार, गुरुवार अख्खी, बाकीचे दिवस अर्धी,
ब्लेडने कापलेली, कॅलेंडरवर बरोबरची खूण.
एकदा खूण राहिली. दुसऱ्या दिवशी वाटलं,
दोन घेऊन टाकावी, व्याजासकट.
डॉक्टर फोनवर ओरडले, "उधारी आहे का ही?
काल गेली ती गेली. आज फक्त आजची."

आणि हिवाळा तर विचारूच नका.
ताजी मेथी, लीलं लसण, उंधियूत सोडायची मुठियां.
आधी मी घाबरून हिरवं सगळंच बंद केलं,
आकडा असा उधळला की बोलायची सोय नाही.
मग समजलं: खायचं, पण रोज तेवढंच.
तेव्हापासून फाल्गुनी माझी भाजी
माझ्याच वाटीने मोजते,
लग्नातली वाटी, "सौ. मंदाकिनी दिघे, १९८४" कोरलेली.
अक्षरं झिजलीत, माप तेच आहे.

गुडघ्यासाठी कांचनबेनने कागदात गुंडाळून
दोन गोळ्या दिल्या, "एकदम रामबाण."
मी घेतल्या, हसले, कपाटात ठेवल्या.
गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी.
बाण आणि माझं रक्त, जुळायचं नाही.

पमाचं मात्र वेगळं झालं.
माझी धाकटी, नवसारीला असते.
छातीचा ठेका चुकायचा, तिलाही हीच गोळी.
सहा महिन्यांनी तिने ती सोडली.
"बरं वाटत होतं गं, म्हणून," असं
ती आता अर्ध्या तोंडाने सांगते.

काल उत्तरायण.
मांजा मला मना आहे. गच्चीवर मी फक्त फिरकी धरते,
ह्यांचे जुने स्कूटरचे हातमोजे घालून.
एक हातमोजा काढला, चिक्की घ्यायला,
तेवढ्यात नातवाने ढील दिली
आणि अंगठ्यावर एक रेघ उमटली,
लाल पेनने कुणी समास आखावा तशी.

दाबून धरलं. हात वर.
नातू फोनवर मिनिटं मोजत बसला,
त्याचा पतंग कुठल्या कुठे गेला, त्याने पाहिलंही नाही.
शेजारच्या गच्चीवर थाळ्या वाजल्या, काप्यो! काप्यो!
सहा मिनिटं. आठ. रुमाल उचलून बघायचा नाही.
बाराव्याला थांबलं.
"बाहेर काय बघायला आलं होतं?" नातू म्हणाला.
मी म्हटलं, पतंग.

अंधारात तुक्कल चढायला लागले
तेव्हा साडेसहाचा गजर वाजला, आणि त्याच क्षणी
पमाचा फोन. संक्रांत ना.
एका तळहातावर गोळीचा अर्धुक,
दुसऱ्या हातात फोन, अंगठ्याला पट्टी.

"तिळ... गूळ," ती म्हणाली.
मग "घे" नीट आलं.
मग "गोड"ला जरा वेळ लागला.

पुढच्या शब्दासाठी मी थांबले.
घाई केली नाही.
पाण्याशिवायच गिळली गोळी,
आणि थांबले.