पाचवा ग्लास

तिकीट दोनशे रुपये, कासवांच्या अंड्यांसाठी.
शाहू स्मारकाच्या पायऱ्यांवर अश्पाक भेटला.
"काय लगा, सुटलायस की," म्हणाला,
आणि बावीस वर्षं आम्ही दोघांनी
खिशातल्या चिल्लरीसारखी चाचपली.

वैजू आली, केस पिकलेले, न रंगवलेले.
इंद्या स्टेजवर. गिटार तीच, एक तार नवी.
दोन गाण्यांच्या मध्ये पडद्यावर मालवणचा किनारा :
जाळ्यात गुरफटलेलं कासव
कुणीतरी ब्लेडनं सोडवत होतं,
सावकाश, चामडी न कापता.

आपल्या गावाला कुठला आलाय समुद्र?
पंचगंगासुद्धा घाटाकडं पाठ करून निघते,
जवळचा सोडून लांबच्याला मिळायला जाते.
शिरीष असाच गेला,
भांडण अर्ध्यावर टाकून.
त्याचं नाव रात्रभर कुणी काढलं नाही.

नंतर गंगावेशीत उभ्यानं दूध प्यालो,
धारोष्ण, मिशीला फेस.
अश्पाक म्हणाला, चिखलीच्या संगमावर
नद्या मोजल्या तर चारच भरतात,
पाचवी आहे असं धरायचं.

वैजूनं पाचवा ग्लास सांगितला.
तो कट्ट्यावर तसाच राहिला.
आम्ही चौघं
फेस खाली बसेपर्यंत थांबलो.