सोळा-सतराचा पाना

बाहेती शेठ म्हणाले, हात लावून बघा.
नानांनी पिशवीतून सोळा-सतराचा पाना काढला,
कमरेइतका उंच धरला
आणि सोडून दिला.

बदामी रंगाची, गुळगुळीत,
कुठल्याशा परदेशी गावाचं नाव लावलेली टाइल,
तिचा टवका उडाला.
"गाडीखाली रोज हेच होणार," नाना म्हणाले
आणि टाइलचे पैसे न विचारता काउंटरवर ठेवले.

जिंतूर रोडवर चार दुकानं झाली,
एप्रिलच्या उन्हात, मी स्कूटीवर पुढं,
ते मागं, मांडीवर पाना.
गाडी माझी. जुनी स्विफ्ट, रोज मानवतला जाते,
दवाखान्यात, रक्ताच्या बाटल्या मोजायला.
शेड माझ्या पैशांची.
पण खाली काय घालायचं, हा प्रश्न
त्यांनी माझ्या हातून कधी काढून घेतला
मला कळलंच नाही.

चेकर्ड टाइल? "त्या चौकटींत ग्रीस बसतं.
तेहतीस वर्षं डेपोत खरवडलं,
आता घरी न्हाई खरवडणार."
रबराची चटई? डिझेल पडलं की फुगते.
इपॉक्सी, आरशासारखं, असं पोरगा मोबाइलवर दाखवत होता.
"मेमधलं टायर टेकलं की चिकटतंय,
निघताना साल घेऊन जातंय.
आन् जॅकखाली पडून
मला माझंच तोंड बघायचंय का?"

शहाबादीवर मात्र पाना टण्ण वाजला.
नाना थांबले.
मग चपला काढल्या, टोपी काढली,
आणि दुकानाच्या मधोमध
सरळ पाठीवर आडवे झाले.

गिऱ्हाईकं बाजूला सरली.
शेठनी पंखा वाढवला, दुसरं काय करणार.
मी कपाटातल्या नळांकडं बघत राहिले,
पितळी, स्टीलचे, हंसाच्या मानेचे.
वर बघत, नसलेल्या गाडीच्या पोटाला
त्यांनी हात लावल्यासारखा केला.
"गार हाय," म्हणाले, "पण सांधा टोचतोय.
इथं. बरगडीखाली."

तेव्हा मला कळलं, आपण काय विकत घ्यायला निघालोत.

खाजामियाँ मिस्त्रींनी पहारीनं टोकरून बघितलं.
"खाली काळी हाय नाना. ती गप बसत नसती.
उन्हाळ्यात तोंड उघडती, पावसात फुगती.
वर सोन्याचा पत्रा मारा, तडा जाणारच."
मग दोन फूट काळी उपसली,
मुरूम भरला, पाणी मारलं, धुमस केला,
वर दगडाची सोलिंग, वर चार इंच कोबा,
आणि कोब्याचे सहा तुकडे, मधे काचेच्या पट्ट्या.
"भेगेला वाट ठेवायची," खाजामियाँ म्हणाले,
"न्हाईतर ती तिची तिची काढती."
नाना हसले. मी सासरहून परत आले
त्या वर्षानंतर ते असे
माझ्याकडं न बघता कमी हसलेत.

एकवीस दिवस पाणी.
नळ अकराव्या दिवशी येणाऱ्या गल्लीत
कोब्यावर मातीचे वाफे, वाफ्यांत टँकरचं पाणी.
"जास्वंद वाळली," आई म्हणाली,
"आन् हितं सिमेंटला पाजायलेत."
पण पहाटे तिनंच बादली ओतलेली मी पाहिली.
चिमण्या आंघोळीला यायच्या.
नाना त्यांना हाकलत नसत,
फक्त कोब्यावर चोच मारली की शुक् करत.

बाविसाव्या दिवशी वाफे मोडले, झाडून काढलं.
राखाडी, साधा, काहीच न दाखवणारा कोबा.
मी गाडी आत घेतली.
पाना पडला : ठक्.
ओरखडा नाही. आवाजही फारसा नाही.

मग गुडघा धरत, मला मदत करू न देता,
ते गाडीखाली गेले.
बराच वेळ फक्त पाय दिसत होते,
टाचांना भेगा, त्यांत जुनं काळं ग्रीस,
निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी.
"टोचतंय का?" मी विचारलं.

उत्तर नाही. एक हात बाहेर आला, तळवा वर.
मी पाना ठेवला.

"क्लच गेलाय," आतून आवाज आला,
सावकाश, आरामात.
"आज काय होत न्हाई हे."