पंचवीस ढेपा

शाहूपुरीतल्या आडत दुकानात, मागच्या गाळ्यात,
जिथं गुळाचा वास इतका जुना आहे
की तो आता कुणाला येत नाही,
मी पंचवीस ढेपा उतरवून घेतल्या.
लेबलावर : निव्वळ वजन एक किलो.

बी.कॉम.चं दुसरं वर्ष, प्रोजेक्टला वीस मार्क.
सकाळी कॉलेज, दुपारपासून इथंच लिखापढी.
‘शून्य परिकल्पना,’ शिंत्रे मॅडम म्हणाल्या होत्या,
‘आधी धरून चालायचं की दावा खरा आहे.
मग बघायचं, नमुना त्याला कितपत सोसतो.’
जिनगोंडा अण्णा हसले :
‘चाळीस वर्षं आमचं दुसरं काय चाललंय?
धरूनच चाललोय की.’

९८१. १००६. ९७०. १०२४.
काट्यावर मुंगळा चढला,
तो उतरेपर्यंत थांबले.
एक ढेप नेमकी हजार भरली
तेव्हा मला बरं का वाटलं, कोण जाणे.
पेन बोटांना चिकटत होतं.

सरासरी नऊशे ब्याण्णव पूर्णांक चार.
म्हणजे साडेसात ग्रॅमची खोट,
एका कप चहाचा गोडवा.
‘उन्हाळ्यात गूळ वाळतो गं,’ अण्णा म्हणाले,
मी न विचारता.

प्रमाण विचलन वीस. पंचवीसचं वर्गमूळ पाच.
भागून चार उरले, त्या चारानं खोट भागली :
उणे एक पूर्णांक नऊ.

कोष्टकात चोवीसची ओळ.
कमी की जास्त, दोन्हीकडून बघायचं
तर कुंपण दोन पूर्णांक शून्य सहावर :
अण्णा सुटले.
फक्त कमी भरतंय का, एवढंच विचारायचं
तर कुंपण अलीकडं, एक पूर्णांक सात एकवर :
अण्णा अडकले.

ढेपा त्याच, काटा तोच.
बदलला तो माझा प्रश्न.
आणि प्रश्न तोलायच्या आधी ठरवायचा असतो
हे ज्या तासाला सांगितलं
त्या तासाला मी इथं होते,
फी भरायला उचल मागत.
अण्णांनी दिली होती. न मोजता.

‘सुटलोय ना? मग खरं म्हणून लिही.’
‘खरं नाही लिहायचं, अण्णा.
नाकारायला पुरावा पुरला नाही, एवढंच.’
‘ही वकिलाची भाषा झाली,’ ते म्हणाले,
आणि पंखा एकनं वाढवला.

वडणग्याच्या गाडीबरोबर सातापा गुळव्या आला होता.
पोत्याला टेकून ऐकत बसलेला.
‘मी काहिलीतनं थेंब घेतो,’ म्हणाला,
‘पाण्यात सोडतो, गोळी वळतो, काठावर हाणतो.
ठण्ण वाजली की उतरवायची.
आख्खी काहील, गोळी एक.’
‘आणि चुकलं तर?’
‘चुकतंय की.
लौकर उतरली तर पाघळतो,
उशीर झाला तर करपतो.
एका चुकीला लई भ्यालं
की दुसरी हमखास होती, पोरी.’
‘मग करायचं काय?’
‘कुठली परवडत न्हाई ते ठरवायचं.
चुलाण पेटायच्या आदी.’

मी बघितलं : माझं चुलाण पेटून गेलं होतं.
उत्तर दिसल्यावर प्रश्न निवडणारी मी,
एका हातात उचलीचं कृतज्ञ ओझं,
दुसऱ्या हातात कुठल्यातरी अनोळखी चहाचा कप.

कागद फाडला नाही.
त्यावर तिरकी रेघ मारून ठेवून दिला.
नव्या पानावर तारीख, वेळ,
आणि पहिल्यांदा प्रश्न : कमी भरतंय का?
मग हमालाला म्हटलं,
त्या थप्पीतल्या नको,
चिठ्ठ्या टाकून काढू या,
आणखी पंचवीस.

‘आणखी?’ अण्णा उठून आले.
काट्याचं तोंड स्वतःच्या बनियनच्या टोकानं पुसलं,
आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

पहिली ढेप ठेवली.
आकडे थरथरतायत अजून,
ठरत नाहीयेत.