पाणी जोखणे

पहाटे सव्वाचारला, दोउरूच्या उतारावर,
मी द्राक्षाचं एक पान कापते.
एका घावात, दाढीच्या पात्याने.
दोनदा पातं फिरलं तर देठ चुरगळतो
आणि आकडा खोटा येतो.

पान जाड पोलादी डब्यात,
देठाचं टोक तेवढं रबरातून बाहेर.
मग नायट्रोजन सोडायचा, मुंगीच्या पावलाने,
आणि भिंगाला डोळा लावून बसायचं.

दोन बार. तीन.
कापताक्षणी पाणी आत पळालेलं असतं,
ताणलेला दोरा तुटून मागे जावा तसं.
किती ताण होता हे विचारायचं
तर तेवढ्याच जोराने त्याला परत आणावं लागतं.
साडेपाच.
सहाला देठाच्या तोंडावर चकाकी येते,
शिरेशिरेतून एकेक ठिपका.
वहीत लिहिते : ओळ चौदा, सहा.
गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तिप्पट.
एवढ्याशा पानाची.

पहाटेच का, तर रात्रभर पानांनी
खालच्या अंगाची बारीक तोंडं मिटलेली असतात,
आणि वर-खाली सगळीकडे एकच ताण होतो.
या वेळी पान मुळांच्या मनातलं बोलतं.
मुळं कुठे आहेत देव जाणे.
पाटीच्या दगडाच्या भेगांतून
चार-पाच माणसं उंचीएवढी खाली.

आदेलिनो बॅटरी धरतो. अठ्ठ्याहत्तरचा आहे.
मला बाँबवाली म्हणतो.
त्याची रीत वेगळी : भर दुपारी
तळहाताची उलटी बाजू पानाला लावायची.
गार, तर वेल पिते आहे.
तापलेलं, तर तोंड मिटून बसली आहे.
त्याचा अंदाज माझ्या आकड्याशी सहसा जुळतो.
नाही जुळला की म्हणतो,
यंत्राची झोप झालेली नाही.

आज ओळ एकोणिसाशी
बॅटरी जरा हलली.

भावाचं चेरीचं झाड होतं, म्हणाला,
भिंतीला लागून.
भिंत कुणाची, यावरून बोलणं बंद होतं.
मी एकोणीस वर्षांचा.
एप्रिलमध्ये साल सुटी असते ना,
ओल्या मोज्यासारखी निघते.
भिंतीच्या बाजूने खाली, गवतात,
चार बोटं रुंद कडं काढलं पूर्ण बुंध्याभोवती
आणि वर चिखल थापला.
डिंक हाताचा आठवडाभर गेला नाही.

मग रोज उठून बघायचो, पानं सुकली का.
कुठली सुकतात!
हिरवीगार. वाऱ्यावर मजेत.

मी त्याला सांगितलं नाही, त्याला माहीत आहे :
पाणी लाकडातून चढतं, ते तू तोडलंच नव्हतंस.
तू तोडलीस ती उतरती वाट.
पानांनी उन्हात रांधलेली साखर
सालीतून खाली मुळांकडे जायची ती.
ती कड्याशी येऊन थांबली
आणि मिळेल त्या फळात शिरली.

जूनमध्ये, आदेलिनो म्हणाला,
त्या झाडाला कधी नव्हती तशी चेरी लागली.
काळीभोर. दातांना झोंबेल इतकी गोड.
गाश्पारने टोपलीभर पाठवली.
अबोला असून.
आई म्हणाली, खा, भावाने पाठवलीय.

खाल्लीस?

सगळी.

दुसऱ्या वर्षी पानं उशिरा आली, लहान.
तिसऱ्या वर्षी आलीच नाहीत.
गाश्पार म्हणायचा, शेवटी शेवटी केवढं देऊन गेलं बघ.
मरेपर्यंत म्हणायचा.

डब्यातली हवा फुस्स करून सोडली.
पान बाहेर काढलं, चुरगळलेलं, कोमट.

मला सांग बाँबवाली,
त्या उन्हाळ्यात त्याचं एखादं पान
तुझ्या या डब्यात घातलं असतं, तर?

मी पातं पुसलं.
आकडा चांगला आला असता, म्हटलं.
पाण्याला काहीच झालं नव्हतं.

तो वर बघत होता, पलीकडच्या डोंगराच्या कडेकडे,
जिथून पहिलं ऊन उतरतं.
ते इथवर पोचलं की पानं तोंडं उघडतात
आणि मग मोजण्यात अर्थ नसतो.
अजून सात ओळी होत्या.
चल, म्हणाला, आणि बॅटरी
पुढच्या वेलीवर धरली,
खाली, बुंध्याशी,
जिथे माझं काहीच काम नव्हतं.