पुरावा कुठल्या ओळीत

कोपरखैरणे, सातवी ब, शेवटचा तास.
फळ्यावर मी लिहिते: इन्फर.
म्हणजे, मुलांनो, न लिहिलेलं वाचणं.
म्हणजे शितावरून भात.
मागच्या बाकावरून विहंग मढवी:
'शेजारणीचा कुकर ऐकून आज काय शिजलंय ते, मॅडम?'
हो, तेही.

उताऱ्यात एक टेबल आहे, त्यावर एकच ताट.
दिवा चालू. आई पुन्हापुन्हा घड्याळाकडे बघतेय.
बाहेर बर्फ पडतोय.
बर्फ मुलांनी सोडून दिला,
तो पुस्तकवाल्यांचा, त्यांच्यापाशीच राहू दे.
प्रश्न: आईबद्दल काय कळतं?
उत्तरसूचीत छापलंय: ती कुणाची तरी वाट पाहतेय.
गुण दोन.

तनया कोंढाळकरनं लिहिलं:
आई जेवली नाही.
तो आल्यावर ती सांगणार, मी मघाशीच जेवले.
क्रियापदं सगळी उलटीपालटी,
कांदा-बटाटा मार्केटात गोणी उसवावी
आणि बटाटे फाटकापर्यंत घरंगळत जावेत तशी;
पण सडका एकही नव्हता.

तिचे वडील तिथंच माथाडी.
शब्दांच्या वहीत रिलक्टंटपुढे तिचं वाक्य:
माझ्या वडिलांची पाठ रिलक्टंट आहे, वडील नाहीत.
या वाक्यावर माझं लाल पेन
बराच वेळ नुसतं उभं राहिलं.

वर्षानुवर्षं मी प्रत्येकाला एकच विचारते:
पुरावा कुठल्या ओळीत? बोट ठेव.
मनातलं नको, कागदावरचं दाखव.

पाच ओळी लिहा, विषय: माझं घर.
तनयाच्या चार. पाचवी खोडलेली,
इतकी दाबून की पानाच्या पाठीवर
बोटाला लागत होती, वाचता येत नव्हती.
ट्यूबलाइटपुढे धरली, तरी नाही.
शेवटी अर्धा गुण कापला आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टेबलाशी आली.
'मॅडम, काल रात्री तुम्ही एकट्याच होतात ना?'
कशावरून?
तिनं बोट ठेवलं. 'हा आमटीचा डाग.
इथपासून तुमच्या बरोबरच्या खुणा वाकड्या,
डाव्या हातानं केल्यासारख्या.
म्हणजे उजवा खरकटा.
म्हणजे जेवता जेवता तपासलंत.
म्हणजे समोर बोलायला कुणी नव्हतं.'

उत्तरसूची माझ्या हातातच होती.
दीड वर्ष स्टाफरूममध्ये रोज सहाजणी
माझ्याबरोबर डबा खातात,
लोणच्याची फोड इकडून तिकडे जाते,
कुणाला ताडता आलं नव्हतं.
मी पेनाला टोपण लावलं. काढलं. परत लावलं.
म्हटलं, इन्फरच्या शेवटी ई नसतो,
तीनदा लिहून आण.
'हो,' म्हणाली.

दारापर्यंत जाऊन वळली:
'पाचवी ओळ परत लिहू का?'
नको, मी म्हटलं.
आणि ती वळायच्या आत: लिही.
शुक्रवारी वह्या घेईन तेव्हा
हात धुऊन तपासीन.