लिखा

तिसऱ्या दिवशीही अंडं नव्हतं,
म्हणून म्हातारी काळी उचलली, काखेत दाबली,
शेपटीखालची लव फुंकरीनं दुभागली,
तर गव्हाळ काहीतरी चपळाईनं
उजेडातून पळालं.
पिसांच्या बुडाशी पांढरे गठ्ठे,
बटाट्याच्या पिठाची खळ वाळावी तसे.
लिखा.

माझ्याच डोक्यात खाज सुटली.
मी नोल्फा बार्रिया, वय त्रेपन्न,
एकोणीस वर्षं सामन माशांच्या कारखान्यात
आतडी उपसली, किळस म्हणून उरली नव्हती.
तरी बराच वेळ चुलीपाशी उभी राहून
नखांनी डोकं खाजवत राहिले.

चिलोए बेटावर कोरडी माती
कोंबडीच्या नशिबात नसते.
आई चुलीतली राख चाळायची,
फुटक्या टबात ओतायची.
कोंबड्या त्यात आडव्या पडायच्या,
एक पंख वर, डोळे अर्धे मिटून,
देवळात पेंगणाऱ्या बायकांसारख्या.
आई गेली, मी गॅस घेतला,
राख संपली. इतकंच झालं.

कास्त्रोच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
ही पूड. पंखांखाली, मानेत, शेपटीखाली चोळा,
डोळ्यात जाऊ देऊ नका, तुमच्याही.
रात्री करा, दांडीवर बसल्या की गरीब होतात.
एकानं धरायची, दुसऱ्यानं चोळायची.
घरी कोणी आहे ना?
मी म्हटलं, आहेत.

चौदा कोंबड्या, एक कोंबडा, दोन हात.
पहिल्याच तलंगीनं पंख झाडले
आणि अर्धा डबा माझ्या तोंडावर.
खोकत, शिव्या देत पायरीवर बसले,
तर कुंपणापलीकडे विजेरी.

रोसामेल. माझ्या बहिणीचा नवरा.
तिच्या मातीनंतर तिसऱ्या महिन्यात
त्यानं होडी विकली, बाबांनी बांधलेली,
मला एका शब्दानं न विचारता.
तेव्हापासून चार वर्षं
आमच्यात बोललं तर कुंपण बोलतं,
तेही वारा असला तर.

तो वाकून खुराड्यात शिरला.
"डबा तू धर," म्हणाला, आणि पहिलीला
दोन्ही पाय एका मुठीत घेऊन
हलकेच उलटी केली.
मी चोळत गेले. तो धरत गेला.
चौदा वेळा आमची बोटं
एकाच पिसांत गेली, पण शिवली नाहीत.
काळीपाशी तो थांबला.
"ही एल्साच्या हातची ना?"
"हं. तिनंच खुडूक बसवली होती हिच्या आईला."
काळी त्याच्या मनगटावर मान टाकून
निपचित राहिली.

मग पांढरं फडकं दांडीच्या खालून फिरवलं,
लाल रेघ उमटली.
दिवसा फटींत, रात्री अंगावर,
दुसरीच जात ही.
तो गेला, डबा घेऊन आला,
कुंच्यानं फटीफटीत जवसाचं तेल भरू लागला.
वासानं ओळखलं मी.
हे तेल फळ्यांना पाजायचे बाबा,
दर वसंतात, होडी उपडी घालून.
"राहिलं होतं थोडं," तो म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.

जाताना दारातून:
"पुडीनं उवा मरतात. लिखा राहतात.
दहाव्या दिवशी परत."
परत काय, ते बोलला नाही.

दहा दिवस अंडी खिडकीत साठवली,
निळी, हिरवट, खायची नव्हती, टाकवत नव्हती.
गॅस असून चूल पेटवली.
पहिली राख तव्याएवढी निघाली,
तीही टबात चाळून टाकली.

आज दहावा.
आठ वाजले. नऊ.
काळीला काखेत घेऊन उभी आहे,
डबा कमरेला खोचलेला.
कुंपणाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.
त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा
आत्ताच विझला.
कडी वाजली, का वारा,
काळीनं मान वर केली आहे.