खलाशी

आमच्या खात्यात दांडी धरणाऱ्याला खलाशी म्हणतात.
का, ते कुठल्याच फायलीत नाही.
ससून डॉकवर कुणीतरी भिकाजी आडिवरेकरला विचारलं,
कुठल्या जहाजावर?
जमिनीच्या, तो म्हणाला. बरीच हलते ती.

अपोलो बंदरावर, खोलीतल्या विहिरीत
एक तरंगा होता. त्याला तार, तारेला पेन्सिल,
आणि फिरत्या कागदावर समुद्र
आल्यागेल्याची वेळ मांडायचा, मस्टरवर मांडावी तशी.
वर्षानुवर्षांची ती बेरीज भागून
जुन्या लोकांनी एक शून्य काढलं.
समुद्र त्या शून्यावर थांबत नाही,
चढता-उतरता नुसता ओलांडतो.
कळसूबाई मात्र असल्याच शून्यांवर उभी आहे.

पहाटे चारला निघायचो.
ऊन तापलं की डांबरावर हवा उकळते,
दांडीवरचे आकडे पोहायला लागतात.
बॅकसाइट. फोरसाइट. यंत्र उचला.
बोरीबंदर, मग डोंगरी,
जिथे दूधवाले आम्हाला टेलिफोनवाले समजून
विचारत, लाइन कधी येणार?

माझगावात मिस्किटाबाईंच्या पायरीवर
जुना कोरलेला बाण, त्याच्या टोकाशी आडवी रेघ,
आणि रेघेवर तेरड्याची कुंडी.
रेघ सरकारची असेल, पायरी माझ्या सासऱ्यांची,
असं म्हणून बाई दारात उभ्या.
मग हळूच, आमचं घर किती उंच हो?
मी फुटांत सांगितलं. समुद्रापासून बारा.
एवढंच?
तेवढ्यात भिकाजीनं कुंडी उचलली.

दांडीचा बुडबुडा मागच्या वर्षीच फुटलेला,
नव्याचा अर्ज डेहराडूनला पडून.
म्हणून तो दांडी झुलवायचा,
माझ्याकडे, मागे, पुन्हा माझ्याकडे,
तान्ह्याला निजवावं इतकी सावकाश.
दुर्बिणीत सगळं उलटं.
आभाळाला पाय लावून लोंबणारा भिकाजी,
आणि मध्ये वाढणारा, घटणारा आकडा.
सगळ्यात कमी भरेल तो घ्यायचा.
दांडी तेव्हाच सरळ असते.

अकराव्या दिवशी बंदरावर परत आलो,
निघालो होतो त्याच दगडावर,
तर नऊ मिलिमीटर कमी.
नियमात बसतात, साहेब म्हणाले, वाटून टाक.
रात्री कंदिलाखाली मी वाटत बसलो.
भायखळ्याला तीन, डोंगरीला दोन,
मिस्किटाबाईंच्या पायरीला एक.
उरलेले कुठे टाकले, आता आठवत नाही.
भिकाजी बिडी विझवत म्हणाला,
येवढं पाण्यानं घेतलं असं लिवा ना.

ते लिहायला रकाना नव्हता.

पुढे तो निवृत्त झाला. दवाखान्यात उंची घेतली,
सर्व्हिस बुकापेक्षा पाऊण इंच कमी भरली.
कारकून पेन धरून अडला,
जुना आकडा ठेवू की नवा?
भिकाजी भिंतीला टाचा लावून तसाच उभा होता.
कमी भरला तो घ्या, म्हणाला.